भिंगरीचे कान, आणि त्यानिमित्ताने अंघोळ, नखं, दात

कुत्र्याचं पिल्लू कान खाजवायला लागलं की आजूबाजूच्या प्रत्येकाकडे एक उपाय तयार असतो. कोमट तेलाचे दोन थेंब घाला. पावडर टाका. कानकाडीने कोरून काढा. मागच्या वेळचं औषध उरलंय ना, तेच घाला. या सगळ्याच्या आधी मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी हट्टाने सांगते: कानात काहीही घालण्याआधी कान नीट बघा, त्याचा वास घ्या, आणि आत खोलवरचं डॉक्टरांना बघू द्या. खाज सगळीकडे सारखीच दिसते. पण तिच्यामागे माइट, म्हणजे अगदी बारीक परजीवी, असू शकतात, यीस्ट नावाची बुरशी असू शकते, जंतू, ॲलर्जी, अडकलेलं कुसळ, गोचीड, नाहीतर नुसतं अंघोळीचं राहिलेलं पाणी. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. काही वेळा तर ते अपाय करतं.

आमची भिंगरी कोणत्या जातीची ते सांगता येणार नाही. अंग सडसडीत, पाय लांब, छातीवर पांढरा पट्टा, आणि कान मात्र भलतेच मोठे. जाड, मऊ, खाली लोंबणारे. पाणी प्यायला वाकली की दोन्ही कानांची टोकं भांड्यात बुडायची. घरी आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. तिच्या आधीपासून घरात मन्या हा बोका आहे. आणि माझे बाबा आहेत. भिंगरीला आज कुणीही हात लावू शकतं, तपासू शकतं, याचं सगळं श्रेय बाबांचं.

आली त्याच आठवड्यात लक्षात आलं की खेळता खेळता ती मधेच थांबते, मागचा पाय उचलते आणि कानाच्या मुळाशी खसाखसा खाजवते. झोपेतून उठली की डोकं जोरात झटकायची. कान गालांवर आपटल्याचा फटफट आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा. मग सतरंजीला डोकं टेकवून, ढुंगण वर करून, पुढे पुढे सरकत कान घासणं. पिल्लं थोडंफार खाजवतातच, विशेषतः गळ्यात पट्टा नवा असला की. पण पट्टा टोचणारं पिल्लू मान खाजवतं. हिचा पाय दर वेळी कानाशीच जात होता.

खिडकीपाशी उजेडात घेतलं. बाबांनी तिची हनुवटी तळहातावर पेलून धरली आणि मी कानाची पाळी उलटवली. आतल्या वळ्यांमध्ये कोरडा, काळपट तपकिरी चुरा साचला होता, हुबेहूब कॉफीचा चोथा. वास जवळजवळ नव्हताच. दोन्ही कानांत तेच. कानामागे नखांनी ओरबाडल्याच्या बारीक रेघा आणि एका ठिकाणी केस गेलेले.

डॉक्टरांनी आधी ओटोस्कोप, म्हणजे कानात बघायचं दिवा लावलेलं उपकरण, घालून पडदा शाबूत आहे ना ते पाहिलं. मग कापसाच्या टोकावर थोडा चुरा घेतला, काचपट्टीवर तेलाच्या थेंबात पसरवला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि मलाही बघायला सांगितलं. फिकट, अर्धपारदर्शक, गोलसर, आठ पायांचे जीव, आणि ते चक्क चालत होते. ओटोडेक्टिस सायनोटिस, म्हणजे कानातले माइट. नुसत्या डोळ्यांना ते फार तर हलणारा पांढरा ठिपका वाटतात. हे कातडीत बिळं करत नाहीत. कानाच्या आत कातडीच्या वरच राहतात, तिथल्या मृत पेशींवर आणि स्रावावर जगतात. त्यांच्या वावराने कान चिडतो आणि आणखी मळ तयार करतो. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. खाज थोडी कमी झाली की औषध सोडून देणाऱ्यांची पिल्लं महिन्याभरात पुन्हा खाजवायला का लागतात, ते यातून कळतं. पहिल्या फेरीत वाचलेली अंडी मागाहून फुटतात.

डॉक्टरांचा पुढचा प्रश्न होता, "घरात आणखी कोण प्राणी आहे?" माइट अंगाला अंग लागून पसरतात. आईकडून पिल्लांना, मांजराकडून कुत्र्याला, कुत्र्याकडून मांजराला. मन्याला मी एकदाही कान खाजवताना पाहिलं नव्हतं, तरी त्याच्यावरही उपचार झाले, आणि ते योग्यच होतं. दोघांनाही मानेवरच्या कातडीवर सोडायचं सेलामेक्टिन हे माइटवरचं औषध मिळालं, प्रत्येकाला आपापल्या वजनाप्रमाणे. ज्यांच्या घरी कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत त्यांना एक गोष्ट जीव तोडून सांगते. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. ते मांजराला विषारी आहे. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. औषध मांजराला लावलंच पाहिजे असंही नाही. नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याला मांजर बिलगून झोपलं तरी धोका असतो. डबीवरचं नाव वाचा आणि शंका आली तर लावू नका.

तसंच आयव्हरमेक्टिन या परजीवींवरच्या औषधाचं. कुणीतरी सांगितलं म्हणून ते आणून अंदाजाने देणारे लोक भेटतात. कोली आणि तिच्या नात्यातल्या जातींमधल्या बऱ्याच कुत्र्यांत एमडीआर-१ नावाच्या जनुकात बदल असतो, आणि त्यांच्या मेंदूत हे औषध जास्त प्रमाणात शिरतं. भिंगरीसारख्या मिश्र पिल्लात कुणाकुणाचा वारसा असेल ते बघून ओळखता येत नाही. मात्रा ठरवण्याचं काम डॉक्टरांचंच.

कानाची रचना एकदा कळली की बरेच प्रश्न सुटतात. आपल्या कानाची नळी आखूड आणि बरीचशी आडवी. कुत्र्याची नळी आधी सरळ खाली उतरते, मग जवळजवळ काटकोनात आत वळते, आणि पडदा त्या वळणाच्या पलीकडे असतो. बाहेरून बॅटरी मारून आपल्याला फक्त तोंडाशी असलेला भाग दिसतो. पाणी आत गेलं की वळणाशी साचतं, मळही तिथेच. वरून लोंबता कान झाकण घालतो, वारा लागत नाही, आत ऊब आणि ओल टिकून राहते. कॉकर स्पॅनियल, लॅब्रेडॉर, बीगल यांना कानाचा त्रास जास्त होतो त्यात या झाकणाचा वाटा आहे. पिल्लं जन्मतात तेव्हा ही नळी बंदच असते आणि साधारण दोन आठवड्यांनी उघडू लागते.

आता कानकाडी या नळीत कशी वागेल ते डोळ्यांपुढे आणा. ती मळ वळणात ठासते. पिल्लाने मधेच मान फिरवली तर पडद्यालाही इजा होऊ शकते. आणि पडदा फाटलेला असेल तर वरून घातलेले थेंब थेट मध्यकर्णात उतरतात. जेंटामायसिनसारखं प्रतिजैविक किंवा क्लोरहेक्सिडीन तिथे पोचलं तर ऐकू येणं जाऊ शकतं, तोल जाऊ शकतो. डॉक्टर आधी पडदा बघतात तो यासाठी. उरलेल्या बाटलीतलं औषध घालू नये तेही यासाठी. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर हे चिडलेल्या कातडीवर जळजळतात. टी ट्री ऑइल तर कुत्र्यांना विषारी ठरू शकतं, "नैसर्गिक" असं लिहिलेलं असलं तरी.

माइट गेले. कान गुलाबी, स्वच्छ झाले. मग भिंगरी सात महिन्यांची होत आली आणि पुन्हा तोच पाय, तसंच डोकं झटकणं, तसंच सतरंजीवर घासणं. बाबा म्हणाले, "परत तेच झालं वाटतं." बाहेरून बघता तेच होतं. पण या वेळी पाळी उलटवायच्या आधीच वास आला. आंबूस आणि किंचित गोडसर, दमट कपाट उघडल्यावर येतो तसा. आत कोरडा चुरा नव्हता. पिवळट तपकिरी, तेलकट मळ होता, बोटाला चिकटणारा. कातडी लाल, जाडसर आणि गरम.

या वेळी काचपट्टी रंगवून बघितली. माइट एकही नाही. मधे आवळलेल्या, एका टोकाला कळी फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशींची गर्दी. मॅलॅसेझिया पॅकीडर्मॅटिस, यीस्टचा एक प्रकार. तो निरोगी कुत्र्याच्या कानातही थोड्या संख्येने नांदतो. कानातलं वातावरण बिघडलं, ओल वाढली, तेलकटपणा वाढला, की तो माजतो. माइटचं औषध इथे काही कामाचं नव्हतं. जंतूंसाठीचं प्रतिजैविक एकटं दिलं असतं तर यीस्टला मोकळं रान मिळालं असतं.

डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले. पंजे चाटते का? बोटांमधली कातडी तांबूस आहे का? काखा, पोट? खाज एका ठरावीक ऋतूत वाढते की कायम असते? कारण कान वारंवार बिघडण्यामागे ॲलर्जी बहुतेकदा असतेच, आणि काही कुत्र्यांत तर कानाखेरीज दुसरं काहीच दिसत नाही. धूळ, परागकण यांच्या ॲलर्जीची सुरुवात साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात होते. खाण्याची ॲलर्जी त्याहून लहान पिल्लांतही दिसते. ती ओळखायची तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादित आहारावर किमान आठ आठवडे काटेकोर ठेवावं लागतं, मधे एक घासही दुसरं काही नाही. रक्ताच्या तपासणीवरून ती खात्रीने कळत नाही.

भिंगरीचे पंजे, पोट सगळं स्वच्छ होतं. तिच्या बाबतीत संशय ओलीवर गेला. ते भांड्यात बुडणारे कान! आम्ही तिचं पसरट भांडं बदललं आणि खोल, अरुंद तोंडाचं आणलं. तोंड आत जातं, कान बाहेर राहतात. लांब कानांचं पिल्लू असेल तर हा बदल पहिल्याच दिवशी करावा असं मी सगळ्यांना सांगते. थेंब आणि क्लीनर सुरू झालं. खाज लगेच उतरली, पण औषध दिलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवलं आणि थांबवण्याआधी पुन्हा काचपट्टी करून घेतली. हा शेवटचा भाग लोक गाळतात. कान बाहेरून बरा दिसतो तेव्हा वळणाच्या पलीकडे अजून शिल्लक असू शकतं.

इतर कारणंही थोडक्यात सांगून ठेवते, कारण घरी बघताना ती माहीत असलेली बरी. पिवळा किंवा हिरवट पू, सडका वास, आणि हात लावू न देण्याइतकं दुखणं, हे जंतूंचं काम. तिथे वाट बघायची नाही. बागेत धावून आल्यावर अचानक एकाच बाजूला डोकं झटकायला लागलं तर आत गवताचं कुसळ गेल्याचा संशय घ्या. कुसळाची ठेवण अशी की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही, म्हणून चिमट्याने खणायला जाऊ नका. कानाच्या कडांवर पापुद्रे आणि कोपरांवरही तसंच असेल तर ती सार्कोप्टिस माइटची खरूज असू शकते. डॉक्टर कानाची कड बोटांमध्ये चोळून बघतात. बऱ्याच कुत्र्यांचा मागचा पाय लगेच खाजवायला हलू लागतो. ही खरूज माणसालाही तात्पुरती खाज देते. आणि फार झटकून झटकून कानाची पाळी अचानक उशीसारखी फुगली, तर आतली रक्तवाहिनी फुटून रक्त साचलंय. तेही दाखवायचं, आणि झटकण्याचं मूळ कारणही शोधायचं.

डोकं एका बाजूला कलतं, चालताना झोक जातो, डोळे आडवे लुकलुकत फिरतात, पिल्लू खात नाही, चेहरा सुजलाय, असं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता स्वच्छता. निरोगी कानात फिकट, थोडासा, वास नसलेला मळ असतो आणि तो असायलाच हवा. कानाच्या आतली कातडी हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असते आणि मळ आपोआप वर आणते. आठवड्यातून एकदा बघणं, हुंगणं, एवढंच मी नेमाने करते. मळ दिसला तर साफ करते, नाहीतर हात लावत नाही. स्वच्छ कान पुन्हा पुन्हा धुणारी माणसं प्रेमानेच करतात, पण त्याने आतली कातडी ओली राहून मऊ पडते आणि त्रासाला निमंत्रण मिळतं.

साफ करायचंच तर कुत्र्यांसाठीचं इअर क्लीनर वापरते. बाटली आधी मुठीत धरून ठेवते, म्हणजे द्रव अंगाच्या उबेला येतो. गार द्रव कानात पडला की पिल्लू दचकतं आणि पुढच्या वेळी बाटली दिसताच पलंगाखाली जातं. पाळी वर, किंचित मागे धरायची. नळीचं तोंड भरेल इतका द्रव सोडायचा. बाटलीचं टोक कानाला टेकू द्यायचं नाही, नाहीतर एका कानातलं सगळं बाटलीत आणि बाटलीतून दुसऱ्या कानात. मग कानाच्या बुडाशी, जबड्याच्या मागे, बोटांना नळी टणक लागते. तिथे अर्धा मिनिट हलक्या हाताने चोळायचं. पचपच आवाज आला की द्रव खालपर्यंत पोचला. भिंगरीला हा भाग इतका आवडतो की ती माझ्या हातावर डोक्याचा सगळा भार टाकते आणि कण्हल्यासारखा आवाज काढते. मग हात सोडायचा आणि मागे सरायचं. ती डोकं झटकते, आणि वळणात सैल झालेला मळ वर येतो. शेवटी बोटाला गुंडाळलेल्या गॉझने, बोट सहज जाईल तेवढंच पुसायचं. दोन कानांना दोन वेगळे तुकडे. दुखणाऱ्या, लाल झालेल्या कानाला हे काही करायचं नाही; तो आधी दाखवायचा.

हे सगळं तिला करू द्यावंसं वाटतं ते बाबांमुळे. पिल्लांचा साधारण तिसरा ते चौदावा आठवडा हा जगाशी ओळख करून घेण्याचा काळ. त्यात जे शांतपणे घडतं ते पुढे सवयीचं होतं. बाबांचे हात संधिवाताने आखडलेले आहेत, त्यांना घट्ट धरताच येत नाही. त्यांनी ते धरणं कधी केलंही नाही. सकाळी वाचत बसले की तळहात मांडीवर उघडा ठेवायचे. भिंगरीने त्यावर हनुवटी टेकवली की खाऊचा एक तुकडा. पुढे हनुवटी टेकलेली असताना मी कानाला नुसता स्पर्श करायची, मग तुकडा. मग पाळी उलटवून लगेच सोडायची, मग तुकडा. तिने हनुवटी उचलली की सगळं थांबायचं, लगेच, अर्धवट असलं तरी. तिला हे फार लवकर उमगलं, की थांबवणं तिच्या हातात आहे. त्यामुळे ती थांबवतच नाही. पहिल्यांदा थेंब घालायची वेळ आली तेव्हा ती आपणहून येऊन बाबांच्या हातावर टेकली. दोघातिघांनी दाबून धरून औषध घातलेलं कुत्रं मोठेपणी कानाजवळ हात नेला की गुरगुरतं, आणि मग साध्या तपासणीलाही गुंगी द्यावी लागते. हा फरक मी डॉक्टरांकडे रांगेत बसून पाहिलाय.

हनुवटीची ही सवय नंतर नखांना, दातांना, ब्रशला, सगळ्याला उपयोगी पडली.

अंघोळीचा मी फार बाऊ करत नाही. महिन्यातून एखादी, नाहीतर खरंच चिखलात लोळली तर. शाम्पू कुत्र्यांचाच. माणसाची कातडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची उदासीनच्या जवळ, त्यामुळे आपला शाम्पू तिला कोरडं करतो आणि नवी खाज सुरू होते. पाणी कोमट. डोक्यावर तांब्याने ओतत नाही. तोंड आणि कान ओल्या फडक्याने पुसते. शाम्पू धुऊन काढायला लावण्यापेक्षा दुप्पट वेळ देते, खास करून काखा, पोट आणि मांड्यांच्या आत, कारण राहिलेला फेस खाजवतो. मग टॉवेलने कानाची आतली बाजू टिपून घ्यायची आणि पिल्लू पूर्ण कोरडं होईपर्यंत ऊब द्यायची. लहान पिल्लाला पटकन थंडी भरते. ड्रायर वापरलाच तर सगळ्यांत कमी उष्णतेवर, आणि कानात झोत न मारता.

ब्रश रोज. भिंगरीचे केस मध्यम आहेत, पण कानामागचे मऊ केस झटकन गुंततात. तो गुंता कातडी ओढतो आणि कान खाजवण्याचं तेही एक कारण असतं, ज्याचा कानाच्या आतल्या भागाशी काही संबंध नाही. गुंता कात्रीने कापायचा मोह टाळा, कातडी गुंत्यासोबत वर खेचलेली असते आणि कापली जाते. बोटांनी मोकळा करा, टोकाकडून सुरुवात करून. ब्रश करताना गोचीडही सापडतात. त्यांच्या ठरलेल्या जागा आहेत: कानाच्या आतल्या घड्या, पट्ट्याखाली, बोटांच्या मध्ये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, एकसारखं ओढायचं. रॉकेल नको, काडी पेटवणं नको. पिसवा दिसत नसतील पण शंका असेल तर केसांतले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्त.

नखांची भीती पिल्लापेक्षा माणसांना जास्त असते. पांढऱ्या नखात आतली गुलाबी नस दिसते, काळ्यात दिसत नाही. भिंगरीची काळी आहेत. मी टोकाचा अगदी पातळ काप काढते आणि कापलेल्या पृष्ठभागाकडे बघते. मधोमध गोल, ओलसर ठिपका दिसू लागला की तिथे थांबायचं. पुढे नस आहे. रक्त आलंच तर रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर, ती नसेल तर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचं, अंगठ्यासारखं वरचं नख विसरू नका. ते जमिनीला लागत नाही, झिजत नाही, वळून मांसात घुसतं. खाजवणाऱ्या पिल्लाची मागची नखं तर आधी कापा. कानाला होणाऱ्या जखमा त्यांनीच होतात.

दुधाचे दात अठ्ठावीस, कायमचे बेचाळीस. चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बदल पुरा होतो. या काळात हिरड्या दुखतात, तेव्हा ब्रशचा आग्रह न धरता बोटाला ओलं गॉझ गुंडाळून दात नुसते पुसले तरी पुरे. सुळ्याशेजारी जुना सुळा तसाच राहिला, दोन दात एका जागी दिसले, तर दाखवा. पेस्ट कुत्र्यांचीच, माणसांच्या पेस्टमधलं फ्लोराइड ती गिळतात, आणि झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ असेल तर ते कुत्र्यांना जीवघेणं आहे.

ग्रूमरकडे, म्हणजे अंघोळ, केस, नखं करून देणाऱ्या व्यक्तीकडे, पहिल्यांदा नेताना लसीकरण पुरं झालेलं असावं, आणि दोन गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात. एक, निरोगी कानातले केस उपटायचे नाहीत. पूडलसारख्या जातींमध्ये ते सर्रास उपटतात, पण उपटल्याने कातडी चिडते आणि तिथून जंतूंना वाट मिळते. डॉक्टरांनी कारण देऊन सांगितलं असेल तरच. दोन, कानात पाणी किंवा पावडर घालायची नाही. ग्रूमर चांगली असेल तर या सूचनांनी रागावत नाही, उलट आपणहून सांगते की डाव्या कानाला जरा वास येतोय, दाखवून घ्या. अशी मिळाली तर तिला सोडू नका. आणि घरी आल्यावर, कितीही उशीर झाला असला तरी, दोन्ही पाळ्या उलटवून आत कोरडं आहे ना ते बघूनच पिल्लाला झोपू द्या.